हेलपाटा कुणाचा?

चिंचेखाली उभी असलेली ती ट्रॅव्हलर डावीकडं कलली होती. पांढरी, २०१२ सालची, एम. एच. १० म्हणजे सांगलीच्या नंबराची. काचेवर आतून कागद चिकटवलेला : ‘चालू स्थितीतील मोबाईल ऑफिस विकणे आहे’. माझा मेहुणा आटपाडी तालुक्यात ई-सेवा केंद्र चालवतो, त्याला ती घ्यायची होती. इंजिन बघायला त्यानं विट्याहून एक मिस्त्री आणला होता आणि कागद बघायला मला. सहकारी बँकेत तीस वर्षं काउंटरच्या आत काढल्यामुळं कागद तेवढे मला कळतात असा घरात समज आहे.

गाडीत सनमायकाचं टेबल, दोन खुर्च्या, रेक्झिनचं बाकडं, छताला छोटा पंखा, बाहेरच्या अंगाला गुंडाळून ठेवलेली ताडपत्रीची छपरी. दाराच्या आतल्या बाजूला वेळापत्रकाचा छापील तक्ता होता. पहिल्या रकान्यात सोमवार ते रविवार, दुसऱ्यावर ‘गाव’ हे शीर्षक, आणि त्याखालची सातही घरं कोरी. एकाही घरात कधी पेन टेकलं नव्हतं.

मेहुणा खूश होता. “दाजी, ऑफिस तयारच हाय की. नुसतं न्यायचं आन् बसायचं.”

मिस्त्री खाली वाकून पाटे बघत होता. तिथूनच म्हणाला, “मीटर बघून भुलू नका. ही पळलीय कमी, उभी जास्त ऱ्हायलीय.” मग त्यानं समजावलं. अशा गाडीचं इंजिन जागेवर तासन्‌तास चालू ठेवतात, आत एसी चालावा म्हणून. किलोमीटर वाढत नाहीत, झीज वाढते, काजळी साठते. बॅटऱ्या आणि कपाट एकाच बाजूला ठेवलं की त्या बाजूचे पाटे बसतात, म्हणून गाडी कलते. त्यानं पायाखालची रबरी चटई उचलून प्लायवूडला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो लोण्यात शिरावा तसा आत गेला.

विजेचा हिशोब मी तिथंच वहीत मांडला. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. जुनी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हाती राहतात ९००. लॅपटॉप, दिवा, पंखा आणि राऊटर मिळून शंभरेक वॅट ओढतात. इन्व्हर्टर खातो ते सोडून सात-आठ तास निघतात, दिवसाचं काम भागतं. पण टेबलावर ठेवला होता लेझर प्रिंटर. तो तापताना क्षणभर हजार वॅटच्या आसपास मागतो आणि लहान इन्व्हर्टर तिथंच मान टाकतो. शाईचा प्रिंटर ठेवला असता तर वीस-तीस वॅटमध्ये काम झालं असतं. ज्यानं हे ऑफिस सजवलं त्यानं त्यात बसून एक दिवसही काम केलं नसावं, असं मला तेव्हाच वाटलं. कोऱ्या तक्त्यावरून संशय होताच.

जुनी गाडी घेताना माणसं इंजिन बघतात, टायर बघतात, पासिंग कधीपर्यंत आहे ते विचारतात. ते बघावंच. पण फिरतं ऑफिस घेणाऱ्यानं आधी त्या कोऱ्या रकान्याकडं बघावं. कुठल्या वारी, कुठल्या गावात, कुठल्या झाडाखाली गाडी उभी राहणार, हे ठरलेलं नसेल तर ती फार तर सनमायका लावलेली गाडी आहे. हे ठरलं असेल आणि ते वर्षभर चुकलं नाही, तर मोडक्या ओमनीतलं ऑफिससुद्धा चालतं.

हे पटण्यासाठी आपल्या भाषेतला एक शब्द नीट उलगडावा लागेल. हेलपाटा. साध्या जाण्या-येण्याला आपण हेलपाटा म्हणत नाही. पुण्याला लग्नाला गेलो तर तो प्रवास. तालुक्याला दाखल्यासाठी गेलो आणि दाखला न घेता परत आलो, तर तो हेलपाटा. त्यात तिकीट आहे, बुडालेला रोजगार आहे आणि घरी आल्यावर ‘झालं का?’ या प्रश्नाला मान हलवणं आहे. मला हे काउंटरच्या आतल्या बाजूनं माहीत आहे. ‘झेरॉक्स राहिलीय’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘उद्या या’ ही वाक्यं मी स्वतः उच्चारलेली आहेत, आणि उच्चारताना समोरच्याचं गाव किती लांब आहे हे एकदाही विचारलेलं नाही.

सांगली जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याचं ठाणं पश्चिमेला, कृष्णेकाठी. जत तालुका पूर्वेला, कर्नाटकाला टेकलेला. उमदीसारख्या गावातून सांगली गाठायची तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. साताऱ्याकडं वेगळी तऱ्हा. कोयनेच्या शिवसागर जलाशयानं गावं अशी तोडली आहेत की समोरच्या काठाला जायला तापोळा-बामणोलीहून लाँच धरावी लागते. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून दिवस अर्धा होत नाही. खुरपणीची मजुरी पूर्णच बुडते.

कार्यालय कुठं असावं हे एकदा ठरतं, आणि तिथवर जाण्याचा खर्च पुढं पन्नास वर्षं दुसरेच लोक भरत राहतात. कार्यालयाच्या अंदाजपत्रकात भाडं असतं, वीज असते, स्टेशनरी असते. लोकांचे हेलपाटे कुठल्याच लेखाशीर्षाखाली येत नाहीत. म्हणून पक्क्या इमारतीतलं ऑफिस स्वस्त दिसतं आणि फिरती गाडी महाग. गाडी घेतली की डिझेल, ड्रायव्हर, पासिंग, विमा असा सगळा अंतराचा खर्च आपल्या वहीत दिसायला लागतो. तो खर्च आधीही होताच, चाळीस घरांच्या कनवटीतून चिल्लरीनं जात होता. मेहुण्यानं मला विचारलं, “दाजी, डिझेल परवडंल का?” तेव्हा मी हेच म्हणालो. कुणाला तरी ते आजवर परवडवून घ्यावंच लागत होतं.

आपले पूर्वज याबाबतीत आपल्यापेक्षा कमी बैठे होते. आपण पत्त्यात अजून ‘मु. पो.’ लिहितो. मुक्काम म्हणजे प्रवासातला थांबा. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणारा माणूससुद्धा कागदावर मुक्कामालाच असतो, ही मला नेहमी गंमत वाटते. इंग्रज कलेक्टर थंडीत तंबू घेऊन जिल्हाभर हिंडायचे. अर्थात तो दौरा सारा वसूल व्हावा म्हणून होता, रयतेची सोय व्हावी म्हणून नव्हता. गाडी दारात आली म्हणजे ती आपल्यासाठीच आली, असं समजायचं कारण नाही. गावोगाव फिरणाऱ्या गाड्यांत कर्जाच्या वसुलीच्याही असतात, आणि त्या वार चुकवत नाहीत.

या मुलखातलं खरं फिरतं कार्यालय कुठलं असेल तर ते प्रतिसरकारचं. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली समांतर कारभार चालला. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६०ला. कुंडल हे त्या चळवळीचं मोठं ठाणं. त्या सरकारला इमारत असणं शक्यच नव्हतं, दुसऱ्या दिवशी पोलीस आले असते. तरी त्यांची न्यायदान मंडळं गावोगाव तंटे मिटवत होती. बांधाचं भांडण बांधावर सुटत होतं, साक्षीदार शेजारच्या घरातून येत होता. पत्री मारण्याच्या, म्हणजे तळपायावर फटके देण्याच्या, गोष्टी लोक अजून चवीनं सांगतात, आणि त्यात हा भाग झाकून जातो. ब्रिटिशांच्या कोर्टात तारखेमागून तारीख पडायची आणि प्रत्येक तारखेला पदरमोड करून जावं लागायचं. लोकांनी या मंडळांचा न्याय मानला त्यात देशभक्ती होती, धाक होता, आणि हेलपाटा वाचत होता हेही होतं. तिसरं कारण इतिहासाच्या पुस्तकांत फारसं सापडत नाही, कारण पुस्तकं लिहिणारे बहुधा तालुक्याच्या गावी राहतात.

आता अलीकडचं. माण तालुक्यातलं म्हसवड मेहुण्याच्या केंद्रापासून फार लांब नाही. चेतना गाला सिन्हा यांनी तिथं बायकांची सहकारी बँक उभी करायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, अंगठे लावणाऱ्या होत्या. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. या वेळी त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितलं की कुठल्याही मुदलाचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच करायला सांगा. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा किस्सा बराच सांगितला जातो. माझ्या दृष्टीनं त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. बँक गावात आली तरी मजुरीवर जाणाऱ्या बाईला बँकेत येणं जमेना. कामावर जायचं की पैसे भरायला यायचं? बायकांनीच सुचवलं की तुम्ही आमच्याकडं या. बँकेची माणसं दारोदार जाऊ लागली. पासबुक घरात ठेवायलाही बायका राजी नव्हत्या, ते नवऱ्याच्या हाती लागतं. मग पासबुकाऐवजी कार्ड आलं. पुढं २००६ साली माणदेशीनं बायकांसाठी उद्योगिनी ही व्यवसाय शिकवणारी शाळा काढली आणि बसमध्ये वर्ग थाटून तीही गावोगाव नेली.

मी स्वतः बँकवाला, म्हणून सांगतो. आमच्या शाखेत ग्राहक का येत नाहीत यावर आम्ही बैठका घ्यायचो, आणि ठराव व्हायचा नवीन फलक लावण्याचा. ज्याला यायला जमत नाही त्याच्याकडं आपण जायचं, हे कुणी मांडलंच नाही, कारण ते मांडलं की आमच्या उठण्या-बसण्याच्या वेळा बदलल्या असत्या.

सरकारनंही दारी येऊन बघितलं. ‘शासन आपल्या दारी’ या मोहिमेची सुरुवात मे २०२३मध्ये पाटण तालुक्यातल्या दौलतनगरला झाली. नाव फार नेमकं होतं. पण पुढं जागोजागी दिसलं ते असं, की मोठा मांडव घातलेला, व्यासपीठावर मंत्री, आणि लाभार्थ्यांना आणायला एसटीच्या गाड्या लावलेल्या. दारी आलेल्या शासनाला भेटायला लोकांनी बसमध्ये बसून जायचं! एका छपराखाली बरेच दाखले मिळाले हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण मांडव दुसऱ्या दिवशी उतरला. ज्याचा दाखला त्या दिवशी चुकीच्या नावानं निघाला, त्यानं पुढच्या सोमवारी कुठं जायचं? पुन्हा तालुक्यालाच. दुरुस्ती हा कुठल्याही कार्यालयाच्या कामाचा मोठा भाग असतो, आणि एकदाच येणाऱ्याला दुरुस्ती करता येत नाही.

आठवडी बाजार म्हणूनच मला मोठा वाटतो. बाजार फिरता असतो पण बेभरवशाचा नसतो. भांडीवाला, बांगडीवाला, पोटलीत औषधं घेऊन बसणारा वैदू ठरल्या वारी ठरल्या जागी हजर असतात. मागच्या बाजारी घेतलेल्या तव्याचा कान निखळला तर बाई तवा घेऊन येते, कारण तो माणूस तिथंच सापडणार हे तिला ठाऊक असतं. चाकं असलेल्या धंद्याबद्दल लोकांच्या मनात पहिला संशय असतो तो पळून जाण्याचा, आणि पैसे दुप्पट करून देणाऱ्यांनी तो संशय भरपूर सार्थ केला आहे. त्याला वारावर हजर राहणं एवढंच उत्तर आहे. पाऊस असो, ग्रामपंचायतीची निवडणूक असो, गिऱ्हाईक दोनच येवोत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घरातूनच आला. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, आता सगळं मोबाईलवर आहे. गाडी कशाला?” डिजिटल सहीचा सातबारा २०१८पासून घरबसल्या मिळतो हे त्याचं उदाहरण. सातबारा मिळतो, मान्य. पण सातबाऱ्यावर मेलेल्या आज्याचं नाव तसंच असतं आणि वारसनोंद कुणी केलेली नसते. आधारवर आडनाव एका तऱ्हेनं, बँकेत दुसऱ्या तऱ्हेनं. मोबाईल नंबर जोडलेला असतो तो मुंबईला गेलेल्या पुतण्याचा, त्यामुळं ओटीपी घाटकोपरला वाजतो. ऊस तोडून, विटा उचलून, भांडी घासून बोटाच्या रेघा झिजलेल्या असतात आणि अंगठ्याचं यंत्र माणसाला ओळखत नाही. २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा मेहुण्याच्या केंद्रापुढं रात्रीपर्यंत बायका उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याचजणींच्या घरात स्मार्टफोन होता. त्यांना हवं होतं ते कागद वाचून ‘हे बरोबर आहे, हे चुकलंय, यासाठी अमुक लागेल’ असं एकदाच आणि खरं सांगणारं माणूस. मोबाईलनं कागद दारात आणला. माणूस अजून तालुक्यालाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : गाडी कशाला, पक्की शाखाच काढा. जतच्या पूर्व भागासाठी संखला अपर तहसील कार्यालय झालं, तसं. जिथं रोज काम आहे तिथं हेच योग्य, मी त्याच्या बाजूनं आहे. गाडीचा उपयोग आठवड्यातून एक दिवसाचंच काम असलेल्या गावांना. शाखा काढली तर उरलेले पाच दिवस खुर्ची उबवली जाते, आणि खुर्ची उबवणारा माणूस लवकरच ‘उद्या या’ म्हणायला शिकतो. पक्क्या जागेलाही तिचे भोग असतात म्हणा. २०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. नंतर दुकानांच्या, पतसंस्थांच्या भिजून फुगलेल्या वह्या उन्हात पसरलेल्या मी पाहिल्या. गाडीला निदान किल्ली असते.

पण मला खरा पेच वाटतो तो तिसराच. माण, आटपाडी, जत हा मुलूखच फिरत्या माणसांचा आहे. धनगर दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन बाहेर पडतो. ऊसतोडीची कुटुंबं हंगामभर फडावर असतात. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेत आणि गावच्या यात्रेला घरी येतात. अशा गावात बारमाही एकच वार धरून बसलेली गाडी निम्मं वर्ष म्हाताऱ्यांचीच कामं करील. म्हणजे वाराबरोबर पंचांगही बघायला हवं. यात्रेच्या आठवड्यात तीन दिवस मुक्काम, सुगी सरल्यावर कारखान्याच्या फडाजवळ थांबा. मी हे बोललो तेव्हा मेहुणा गप्प झाला, मग म्हणाला, “म्हंजी गाडी घ्यायच्या आधी मला गावं फिरावी लागत्यात.” हो. आणि त्या फिरण्यासाठी मोटारसायकल पुरते.

मग आम्ही कागदांकडं वळलो. नोंदणी पुस्तकात गाडी तेरा आसनी होती. आत आसनं तीन आणि एक बाकडं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदीशी विसंगत ठरेल असा मूळ बांधणीतला बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते ठासून सांगितलं आहे. बदल नोंदलेला नसला की अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. पुस्तकावर कर्जाचा बोजाही होता. मालकाच्या म्हणण्यानुसार कर्ज कधीच फिटलं होतं, पण बोजा उतरवण्याचा ३५ नंबरचा फॉर्म कुणी भरला नव्हता. आणि पुस्तकावर नाव मालकाचं नव्हतंच. त्यानं गाडी ज्याच्याकडून घेतली त्याचं होतं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून पाकिटात पडून होते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असा नियम आहे. न लावल्यास अपघाताची भरपाई पुस्तकावर ज्याचं नाव त्याच्याच माथी बसते, हाही २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तो बिचारा पहिला मालक रात्री कसा झोपत असेल कोण जाणे. बहुधा त्याला माहीतच नसावं.

मी मालकाला म्हणालो, “गाडी आम्हाला पसंत आहे. पाटे आणि चटईखालचं प्लायवूड आम्ही करून घेऊ. पण आधी हे तीन कागद तुमच्या बाजूनं पुरे करा. बदल नोंदवायला गाडी नेऊन दाखवावी लागेल.”

त्यानं पाकीट परत हातात घेतलं, आतले फॉर्म बघितल्यासारखं केलं आणि चिंचेकडं बघत म्हणाला, “जायचं जायचं म्हणून दोन वर्सं झाली बगा. पर सांगलीला गेलं की आख्खा दिवस मोडतोय.”